दार लावून केलेली प्रार्थना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बायबलमधल्या मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या सहाव्या अध्यायाचा अभ्यास सुरू झाल्यापासून हे प्रश्न येतच आहेत. काही रविवारी उपासना सुटल्यावर गेटपाशी विचारले गेले, काही घरप्रार्थनेनंतर चहा होईपर्यंत. बरेचसे फोनवर आले, आणि त्यातले बहुतेक "नाव सांगू नका, पण..." अशी सुरुवात करून. विचारणारे नागपुरातल्या सदरचे आहेत, मोहननगरचे, जरीपटक्याचे, गिट्टीखदानचे आहेत. कोणी सीएनआय (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया), कोणी मेथडिस्ट, कोणी कॅथलिक, कोणी पेंटेकॉस्टल. म्हणून उत्तरं देताना एका मंडळीची बाजू धरलेली नाही. शास्त्रभाग दिलेत, ते उघडून ताडून बघा.

१. प्रभू येशूने एकांतातल्या प्रार्थनेबद्दल नेमकं काय सांगितलं, आणि कुठे?

मत्तय ६:५-८ मध्ये. लोकांनी बघावं म्हणून सभास्थानात आणि चौकांत उभे राहून प्रार्थना करणाऱ्यांसारखे होऊ नका, त्यांना जे हवं होतं ते मिळून चुकलं आहे, असं तो म्हणतो. तुम्ही आपल्या खोलीत जा, दार लावून घ्या आणि गुप्त असलेल्या पित्याजवळ बोला. गुप्तात बघणारा पिता त्याचं फळ देईल. पुढे आणखी एक गोष्ट आहे: पुष्कळ बोललं म्हणजे देव ऐकतो असं समजू नका, कारण मागण्याआधीच तुमची गरज पित्याला ठाऊक असते. लगेच नवव्या वचनापासून प्रभूची प्रार्थना सुरू होते.

हा उतारा एकटा वाचू नका. त्याच्या आधी दानधर्माबद्दल आहे आणि नंतर उपासाबद्दल, आणि तिन्हींना लागू होणारा नियम अध्यायाच्या पहिल्याच वचनात दिलाय: माणसांनी बघावं म्हणून आपलं धर्माचरण त्यांच्यासमोर करू नका. हे सगळं डोंगरावरच्या प्रवचनात येतं, म्हणजे मत्तय ५ ते ७ मध्ये. आपल्या नागपूरकरांना या तीन अध्यायांचा विशेष जिव्हाळा वाटायला हवा. रेव्हरंड ना. वा. टिळक नागपुराहून राजनांदगावला निघाले होते, तेव्हा रेल्वेच्या डब्यात एका युरोपीय सहप्रवाशाने त्यांना नवा करार वाचायला सुचवला. वाचता वाचता ते अडकले ते याच प्रवचनापाशी. १८९५ मध्ये त्यांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला.

२. म्हणजे चारचौघांत प्रार्थना करणं चूक आहे का?

चूक नाही. उभं राहून प्रार्थना करणं ही यहुदी लोकांची नेहमीची रीत होती, आणि येशूने स्वतः मार्क ११:२५ मध्ये "तुम्ही प्रार्थनेला उभे राहाल तेव्हा क्षमा करा" अशाच अर्थाचं सांगितलंय. सभास्थानात तो जातच असे. शलमोनाने मंदिराच्या समर्पणाच्या वेळी सगळ्या इस्राएलासमोर हात पसरून प्रार्थना केली (१ राजे ८). लाजराच्या कबरेपाशी येशूने मोठ्याने पित्याचे आभार मानले, आणि भोवतीच्या लोकांसाठी हे बोललो असंही म्हणाला (योहान ११:४१-४२). बुडू घातलेल्या जहाजावर पौलाने सगळ्यांदेखत भाकर घेऊन देवाची उपकारस्तुती केली (प्रेषितांची कृत्ये २७:३५). बाकीच्यांना धीर आला आणि तेही जेवले.

येशूचा रोख आहे तो "लोकांनी बघावं म्हणून" या हेतूवर. तोंड देवाकडे आणि डोळा माणसांकडे, ही ती चूक. ती चर्चमध्ये होऊ शकते, चौकात होऊ शकते, आणि दार लावल्यावरही होऊ शकते (प्रश्न ११ पाहा). स्वतःला तपासायला मी एक प्रश्न वापरतो: इथे ऐकणारं कोणीच नसतं, तर हे वाक्य मी देवापुढे बोललो असतो का?

३. मग "जिथे दोघे किंवा तिघे माझ्या नावाने जमले आहेत" हे वचन याच्या विरुद्ध जात नाही का?

नाही. मत्तय १८:२० मंडळीच्या एकत्र प्रार्थनेचं वचन आहे, मत्तय ६:६ एकेकट्याच्या. दोन्ही एकाच शुभवर्तमानात, एकाच मुखातून आली आहेत. आणि बघा, खोलीत दार लावून बसल्यावर जी प्रार्थना करायची ती त्याने शिकवली, तिच्यात आपण एकट्यापुरतं काहीच मागत नाही. भाकर सगळ्यांची, क्षमाही सगळ्यांची.

४. येशू स्वतः कुठे प्रार्थना करायचा?

पहाटे ओसाड जागी (मार्क १:३५), डोंगरावर एकटा (मत्तय १४:२३), एकदा तर रात्रभर, आणि दुसऱ्या दिवशी बारा प्रेषित निवडले (लूक ६:१२-१३). गर्दी वाढली की तो एकांतात निघून जायचा, असं लूक ५:१६ सांगतं.

यातला मार्कचा प्रसंग नीट वाचावा असा आहे. आदल्या संध्याकाळी कफर्णहूममध्ये सगळं गाव दाराशी लोटलं होतं. पुष्कळांना त्याने बरं केलं. दुसऱ्या दिवशी अंधार असतानाच तो उठून बाहेर पडला. शिमोन आणि बाकीचे शोधत आले आणि म्हणाले, सगळे तुला शोधताहेत. आपल्याकडचा कोणी असता तर लगेच परतला असता. गाव बोलावतंय, काम जोरात चाललंय. येशू म्हणाला, चला, दुसऱ्या गावांना जाऊ. काय करायचं ते त्या पहाटे पित्याजवळ ठरलं, गावाच्या मागणीवरून ठरलं नाही. एकांतातली प्रार्थना कशासाठी, असं मला कोणी विचारलं तर मी आधी हा प्रसंग काढतो. लोकांच्या हाकेपेक्षा वेगळी हाक ऐकू यायला लोकांपासून थोडं दूर जावं लागतं.

गेथशेमाने बागेतलंही विसरू नका. येशूने तिघा शिष्यांना जवळ घेतलं, जागे राहा म्हणाला, आणि तरी थोडा पुढे जाऊन एकटा पालथा पडला. सोबत हवी होती आणि एकांतही.

५. आमचं घर दोन खोल्यांचं आणि माणसं सहा. दार लावायला खोली आणू कुठून?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच, आणि विचारताना लोक उगाच ओशाळतात. डोंगरावर बसून ऐकणारेही बंगल्यांत राहणारे नव्हते. कोळी, शेतकरी, मजूर. एकदोन खोल्यांत सगळं कुटुंब. येशूला ते माहीत होतं. खुद्द त्याची खोली म्हणजे डोंगर आणि ओसाड रान.

मग आपण काय करायचं? वेळेला दार करायचं. नळाला पाणी येण्याआधीची वेळ, मुलं शाळेत गेल्यावरची, दुपारी सगळे आडवे झाल्यावरची. माझ्या ओळखीच्या एक ताई पहाटे स्वयंपाकघरात ओट्याला पाठ टेकून खाली बसतात. गॅसवर दूध मंद आचेवर ठेवलेलं असतं. दूध वर येईपर्यंतचा वेळ त्यांचा आणि देवाचा. घरातल्यांना वाटतं त्या दुधाकडे बघताहेत. मे महिन्यात आपल्याकडे सगळं घर कूलरच्या खोलीत झोपतं. दुसरी खोली तापलेली असते, पण रिकामी असते. पेत्र दुपारच्या सुमारास घराच्या धाब्यावर, म्हणजे गच्चीवर, प्रार्थनेला गेला होता (प्रेषितांची कृत्ये १०:९). नागपूरच्या उन्हात गच्चीवर संध्याकाळीच जा.

तेही जमत नसेल तर हन्ना आठवा. मंदिरात लोकांच्या ये-जा करण्यात ती मनातल्या मनात बोलत होती, नुसते ओठ हलत होते, याजक एलीला वाटलं ती प्यायली आहे (१ शमुवेल १:१२-१५). तिची प्रार्थना देवाने ऐकली. मेट्रोत, बसस्टॉपवर, दवाखान्याच्या रांगेत हे करता येतं. फक्त शक्य असताना दार लावायचंच सोडू नका. रांगेतल्या प्रार्थनेला वेळ आपण देत नाही, रांग देते.

६. घरात मी एकटीच प्रभूला मानते. दार लावून प्रार्थना करते तर मी विश्वास लपवते, असं एक बहीण म्हणाली. दानीएल तर खिडक्या उघड्या ठेवून करायचा.

दानीएलाचा प्रसंग परत वाचा (दानीएल ६:१०). खिडक्या त्याने कोणाला दाखवायला उघडल्या नव्हत्या. यरुशलेमेच्या दिशेच्या त्या खिडक्यांपाशी दिवसातून तीनदा गुडघे टेकणं ही त्याची आधीपासूनची सवय होती. राजाचा हुकूम निघाला म्हणून त्याने सवय बदलली नाही, एवढंच. लोकांना दाखवायला सुरुवात करणं आणि लोकांच्या भीतीने बंद करणं, ही दोन्ही माणसांकडे बघून केलेली कामं आहेत. तो दोन्हींतून सुटला.

तुमच्याबद्दल बोलायचं तर दार लावणं ही प्रभूची आज्ञा आहे, तिला भ्याडपणा म्हणायचा अधिकार कोणालाच नाही. कोणी सरळ विचारलं तर खरं सांगा, शांतपणे. सासूबाईंच्या पूजेच्या वेळीच मोठ्याने गाणं लावून बसू नका. घरात तुमच्या प्रार्थनेची ओळख तुमच्या वागण्यातून होऊ द्या. आणि घरी मारहाणीची किंवा बाहेर काढण्याची धमकी असेल, तर एकट्याने सहन करत बसू नका. विश्वासातल्या एका वडीलधाऱ्या बाईला आणि पाळकांना आजच सांगा.

७. दार लावून बसले, पण शब्द सुचत नाहीत. मन घरभर फिरतं. मग काय?

जे मनात फिरतंय तेच देवाला सांगा. मुलाची फी, भावाशी तुटलेलं बोलणं, गुडघ्याचं दुखणं. मन भटकतं ते बहुधा ज्याची खरी काळजी आहे तिकडेच भटकतं. स्तोत्रसंहितेतलं एखादं स्तोत्र हळू वाचा. तेराव्या स्तोत्राची सुरुवातच "किती वेळ" या तक्रारीने होते, त्यामुळे रागावलेल्या माणसालाही ते आपलं वाटतं. नुसतं गप्प बसलात तरी चालतं. कशी प्रार्थना करावी हे आपल्याला कळत नाही तेव्हा आत्मा स्वतः आपल्यासाठी विनंती करतो, असं पौल लिहितो (रोमकरांस ८:२६).

८. पाठ केलेली प्रार्थना, रोझरी (जपमाळ), छापील उपासनाक्रम ही "व्यर्थ बडबड" नाही का?

हा वाद नागपुरात घरोघरी आहे, कारण इथे एकाच कुटुंबात मामा कॅथलिक आणि मामी पेंटेकॉस्टल सापडतात. येशूने आक्षेप घेतला तो "पुष्कळ बोललो म्हणजे ऐकलं जाईल" या समजुतीला. तेच शब्द पुन्हा म्हणण्याला नाही: गेथशेमानेत त्याने स्वतः तिसऱ्यांदा तेच शब्द बोलून प्रार्थना केली (मत्तय २६:४४). आणि ज्या उताऱ्यात बडबड करू नका म्हटलं, त्याच्या पुढच्याच ओळीत त्याने प्रार्थना शिकवली, जी आपण सगळे पाठ म्हणतो.

देवाला दमवून काम करून घेणं या भावनेने जपमाळ ओढली तर ती बडबड. आणि त्याच भावनेने कोणी तासभर स्वतःच्या शब्दांत ओरडला तर तीही बडबडच. २९ नोव्हेंबर १९७० रोजी याच शहरात सहा मंडळ्या एक होऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झालं. त्यांत छापील प्रार्थनापुस्तकातून प्रार्थना करणारे अँग्लिकन होते आणि आपल्या शब्दांत करणारे बॅप्टिस्टही. ते एका मंडळीत नांदू शकले. मामा-मामीही नांदू शकतील.

९. देवाला आधीच सगळं ठाऊक आहे, तर मागायचं कशाला?

येशूने हेच कारण प्रार्थना करायला दिलंय, थांबायला नाही. देवाला माहिती पुरवायची नाही, म्हणून लांबण लावायची गरज नाही. तो पिता आहे, म्हणून मागायला संकोच नको. आईला मुलाची भूक कळते, तरी मुलाने "आई, भूक लागली" म्हणत जवळ यावं असं तिला वाटतंच.

१०. हॉटेलात जेवायच्या आधी प्रार्थना करावी का? ऑफिसच्या डब्याला?

करा. डोकं जरा खाली, दोन वाक्यं, मनातल्या मनात. बाकीच्यांची बशी अडवून सगळ्यांना थांबवू नका. लाज वाटते म्हणून सोडत असाल तर सोडू नका. बघावं म्हणून करत असाल तर घरून करून निघा.

११. मी पहाटे उठून एकांतात प्रार्थना करतो हे दुसऱ्यांना सांगितलं तर फळ जातं का?

कशासाठी सांगितलं त्यावर आहे. धडपडणाऱ्या एखाद्या तरुणाला वाट दाखवायला सांगितलं तर ती मदत झाली. पण "मी रोज चारला उठतो" हे साक्षीत दर वेळी येत असेल, तर लावलेलं दार आपणच आतून उघडलं. उपासाचंही तसंच. येशू म्हणतो डोक्याला तेल लाव, तोंड धू, उपास आहे हे कोणाला कळू देऊ नको (मत्तय ६:१७-१८). उपासाच्या दिवशी स्टेटसवर बायबल आणि मेणबत्तीचा फोटो लावणाऱ्यांना मी कळकळीने विनंती करतो की तो फोटो काढून टाका. तुमचा उपास फार मोलाचा आहे, तो पन्नास लाइकांना विकू नका.

१२. आणि ग्रुपवरच्या प्रार्थना?

व्हॉट्सअ‍ॅपवर विनंती टाकणं चांगलं, त्यामुळे खरोखर प्रार्थना होतात. माझी हरकत एकाच गोष्टीला आहे. कोणाच्या बाबांना मेयो रुग्णालयात भरती केल्याचा मेसेज येतो, त्याखाली जोडलेल्या हातांची रांग लागते आणि हात जोडणारा पुढच्या मेसेजकडे जातो. हात टाकायच्या आधी फोन उलटा ठेवून एक मिनिट त्या बाबांचं नाव देवापुढे घ्या. मग हात टाका, किंवा टाकूही नका.

१३. सभेत पाळकसाहेब अचानक "ताई, तुम्ही प्रार्थना करा" म्हणतात. माझे हातपाय गळतात. नाही म्हटलं तर चालेल?

चालेल. पण एकदोन वाक्यांची करून बघा. सभेतली प्रार्थना सगळ्यांना "आमेन" म्हणता यावं अशी, समजेल अशी असावी, एवढीच पौलाची अपेक्षा आहे (१ करिंथकरांस १४:१६). लूक १८ मधला जकातदार मंदिरात दूर उभा राहिला, वर बघायचं धाडस झालं नाही, एकच वाक्य बोलला. तो नीतिमान ठरून घरी गेला. स्वतःच्या चांगल्या कामांची यादी वाचणारा परूशी (कर्मठ यहुदी) नाही.

ज्यांना प्रार्थना "छान येते" त्यांना मात्र सावध राहायला सांगेन. आवाज चढवणं, कोणाला टोमणा मारायचा म्हणून "प्रभू, काही लोक सभेला येत नाहीत, त्यांना बुद्धी दे" असं म्हणणं, निवेदनं प्रार्थनेत घालणं. हे बोलणं देवाशी नसतं. सभेतल्या प्रार्थनेपेक्षा आपली एकांतातली प्रार्थना फारच आखूड झाली असेल, तर काही दिवस सभेत दुसऱ्यांना पुढे करावं.

१४. एकांतात प्रार्थना होते, मग चर्चला कशाला यायचं?

प्रश्न ३ पाहा. त्यात एवढंच जोडतो: आजारी असाल तर मंडळीच्या वडिलांना बोलवा, असं याकोब ५:१४ सांगतं. खोलीच्या दाराआड राहून ते जमणार नाही.

१५. आमच्याकडे रात्रभर प्रार्थना असते. शेजारी तक्रार करतात. हा छळ समजायचा का?

छळ समजू नका. रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर लाउडस्पीकर लावायला कायद्याने बंदी आहे, आणि ती सगळ्या धर्मांना सारखी आहे. येशूने रात्रभर प्रार्थना केली ती डोंगरावर, आणि कोणाची झोप मोडली नाही. देवाला ऐकू जायला माइक लागत नाही. माइक लागतो तो लोकांना ऐकू जायला, आणि मत्तय ६ आपल्याला नेमकं तेच तपासायला सांगतं. माइक बंद करा, खिडक्या लावा, रात्रभर खुशाल प्रार्थना करा.

१६. मेडिकलच्या वॉर्डात रुग्णाच्या खाटेजवळ प्रार्थना करायची तर? शेजारच्या खाटांवर दुसऱ्या धर्माचे लोक असतात.

आधी रुग्णाला विचारा. आपल्याच मंडळीचा असला तरी विचारा. ताप चढलेल्या, सलाइन लागलेल्या माणसाला कधीकधी फक्त हात धरलेला हवा असतो. हो म्हणाला तर कानाशी वाकून, त्याला ऐकू जाईल एवढ्याच आवाजात. थोडक्यात आटपा. नर्स आली की बाजूला व्हा. शेजारच्या खाटेवरच्या मावशींनी "आमच्यासाठीही करा" म्हटलं तर जरूर करा, पण त्यांनी म्हटल्यावरच. न विचारता दुसऱ्याच्या डोक्यावर हात ठेवायला जाऊ नका. त्यांच्यासाठी घरी जाऊन दार लावून प्रार्थना करायला कोणाचीच परवानगी लागत नाही.

१७. मुलांना आम्ही प्रार्थना करताना दिसलोच नाही, तर ती शिकणार कशी?

त्यासाठी कुटुंबप्रार्थना आहे. ती रोज व्हावी, आणि मुलांना झोप यायच्या आत संपावी. एकांतातली प्रार्थना मुद्दाम दाखवू नका, मुद्दाम लपवूही नका. आई अमुक वेळी आत असते, तेव्हा हाक मारायची नाही, एवढं मुलांना कळलं तरी पुष्कळ शिकवलं गेलं. परीक्षेच्या निकालासाठी मुलाकडून पाहुण्यांसमोर प्रार्थना म्हणवून घेणं मात्र बंद करा. बघणाऱ्यांसाठी प्रार्थना करायची सवय तिथूनच लागते.

१८. एका मैत्रिणीने घरातली गोष्ट सांगून "माझ्यासाठी प्रार्थना कर" म्हटलं. मी ती महिला सभेत विनंती म्हणून मांडू का?

तिला विचारल्याशिवाय नाही. तिने तुम्हाला सांगितलं ते तुमच्या खोलीत न्यायला, सभेत न्यायला नाही. "नाव न घेता सांगते" हेही पुरेसं नाही. आपल्या मंडळ्या लहान आहेत. "सदरची एक बहीण, नवरा रेल्वेत" एवढ्यावर सगळ्यांना घर कळतं. जास्त लोकांनी प्रार्थना करावी असं वाटत असेल तर तिला फोन करा, कोणाकोणाला सांगू ते विचारा, आणि ती जितकी नावं सांगेल तितक्यांनाच सांगा.